स्टोरीबोर्डमध्ये तेच बॅकग्राउंड पुन्हा पुन्हा वापरताना तुम्ही काय करता?

रेषाळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

सध्या साडेचार मिनिटांच्या एका अ‍ॅनिमेशन लघुपटाचा स्टोरीबोर्ड (शॉटवार चित्रांमधला आराखडा) करतेय. गोष्ट जवळजवळ सगळी एकाच खोलीत घडते: आजोबा, त्यांची नात आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. ३१ शॉट, १४० पॅनेल (म्हणजे चित्रांचे चौकोन). खोली तीच, म्हणून पहिल्या पॅनेलमध्ये बॅकग्राउंड मन लावून काढलं आणि पुढे तो लेयर (चित्राचा थर) कॉपी-पेस्ट करत गेले. नव्वदाव्या पॅनेलपर्यंत छान चाललं होतं.

परवा दिग्दर्शकाने सांगितलं, घड्याळ खिडकीच्या डावीकडे नको, उजवीकडे हवं. नात दारातून आत येते तेव्हा तिच्या डोक्यामागे ते दिसलं पाहिजे. मागणी रास्तच आहे. पण ते घड्याळ ६३ पॅनेलांमध्ये आहे आणि दर पॅनेलमध्ये त्याची वेगळी प्रत आहे. दोन रात्री खोडतेय आणि काढतेय, अजून २० पॅनेल बाकी आहेत. त्यात फाइल इतकी जड झालीय की एक पॅनेल लपवून दुसरं दाखवायचं तरी थांबून राहावं लागतं.

प्रश्न दोन आहेत. बॅकग्राउंड एकदाच काढून सगळीकडे वापरायचं आणि एका जागी बदललं की सगळीकडे बदलायचं, हे तुम्ही कसं जमवता? आणि दुसरं म्हणजे, असं वापरावं का? माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं ठाम मत आहे की बोर्ड करणाऱ्याने प्रत्येक पॅनेल नव्याने काढावं, बॅकग्राउंड चिकटवत गेलं की नजर मरते. मला ते पूर्ण पटत नाही, पण उडवून लावण्यासारखंही वाटत नाही.

ओली_शाई

कशात काढताय ते सांगा आधी. उत्तर त्यावर ठरेल.

रेषाळ

सांगायचं राहिलंच. फोटोशॉपमध्ये काढते, प्रत्येक शॉटची एक फाइल, प्रत्येक पॅनेलचा एक लेयर-ग्रुप. कॅनव्हास ३८४० × २१६०. अ‍ॅनिमॅटिक (पॅनेल वेळेनुसार जोडून केलेला कच्चा व्हिडिओ) नंतर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवते. पण सॉफ्टवेअर बदलायची तयारी आहे, त्यामुळे दुसऱ्या कशाबद्दल सांगितलंत तरी चालेल.

तिसरी_फ्रेम

रेषाळ, तुमची सगळी अडचण 'प्रत' आणि 'जोडणी' या दोन गोष्टींतल्या फरकात आहे. कॉपी-पेस्ट केलं की प्रत तयार होते. त्या क्षणापासून मूळ चित्राचा आणि तिचा संबंध संपला. तुम्हाला हवी आहे जोडणी: चित्र एकच, आणि ६३ ठिकाणी फक्त त्याकडे दाखवलेलं बोट.

फोटोशॉपमध्ये त्यासाठी स्मार्ट ऑब्जेक्ट आहे. बॅकग्राउंडचे लेयर निवडून त्यांचा स्मार्ट ऑब्जेक्ट करा. मग कंट्रोल-जे करून जितक्या प्रती काढाल त्या सगळ्या एकाच आतल्या चित्राला जोडलेल्या राहतात. एकीवर डबल-क्लिक करा, आतलं चित्र उघडतं, घड्याळ हलवा, सेव्ह करा, त्या फाइलमधल्या सगळ्या बदलतात. मात्र मेनूत 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' असंही एक आहे. ते दिसायला अगदी तसंच दिसतं, पण स्वतंत्र प्रत बनवतं. त्या एका मेनूपायी मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तुमच्या ३१ फाइली वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एवढ्याने भागणार नाही. बॅकग्राउंडची स्वतंत्र फाइल करा आणि प्रत्येक शॉटमध्ये ती 'प्लेस लिंक्ड'ने आणा. मूळ फाइल सुधारली की उघड्या असलेल्या शॉटमध्ये बदल आपोआप दिसतो. बंद असलेल्या फाइली नंतर उघडल्यावर अपडेट करून घ्याव्या लागतात. मूळ फाइलची जागा किंवा नाव बदलू नका, नाहीतर दुवा तुटतो.

फाइल जड का झाली तेही बघा. ३८४० × २१६० चा एक पूर्ण भरलेला लेयर, चार चॅनेल, ८ बिट, म्हणजे मेमरीत साधारण ३३ एमबी. अशा १४० प्रती म्हणजे सगळ्या फाइली मिळून ४.६ जीबीच्या वर, आणि तेही पात्रं काढण्याआधी.

धूसर

वाचनखूण साठवली. ३३ एमबीचा हिशेब आजवर कधी मांडलाच नव्हता.

कागदीबाण

तिसरी_फ्रेम यांनी मुद्द्याला हात घातलाय. त्यात माझ्या वापरातली दोन सॉफ्टवेअर जोडतो, दोन्ही मुक्त आणि फुकट.

क्रिता: ५.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, त्यात स्टोरीबोर्डचं वेगळं डॉकर (कामाची चौकट) आहे. ते टाइमलाइनवर चालतं. ज्या लेयरवर एकही कीफ्रेम (टाइमलाइनवर चित्र बदलण्याची खूण) नाही तो लेयर पहिल्यापासून शेवटपर्यंत जसाच्या तसा दिसत राहतो, आणि कीफ्रेम असलेला लेयर पुढची कीफ्रेम येईपर्यंत टिकतो. म्हणजे खोलीच्या लेयरवर कीफ्रेम टाकूच नका, पात्रांच्या लेयरवर टाका. बॅकग्राउंड कॉपी करायचा प्रश्नच उरत नाही. मध्ये दुसरी जागा आली आणि पुन्हा पहिल्या खोलीत परतायचं असेल तर क्लोन फ्रेम वापरा, ती मूळ फ्रेमशी जोडलेली असते. बाहेरची फाइल जोडायची असेल तर फाइल लेयर आहे.

ब्लेंडर: ग्रीस पेन्सिलने (त्यातल्या चित्र काढायच्या साधनाने) खोली एक ऑब्जेक्ट म्हणून काढायची, पात्रं वेगळे ऑब्जेक्ट. शिफ्ट-डी केलं तर नवी प्रत, ऑल्ट-डी केलं तर जोडलेली प्रत. एका अक्षराचा नाही, एका बोटाचा फरक, पण परिणाम जमीन-अस्मानाचा. तिथे कॅमेरेही खरे असतात. प्रत्येक शॉटचा कॅमेरा ठेवून तो टाइमलाइनवरच्या मार्करला कंट्रोल-बीने बांधला की तीच खोली वेगवेगळ्या अंतरांवरून दिसते, रेषा एकदाच काढलेली.

पाटीपेन्सिल

तंत्र सगळ्यांनी सांगितलंय, मी रेषाळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते. मला तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याची बाजू घ्यायची आहे, निदान अर्धी तरी.

बॅकग्राउंड तयार मिळालं की हात पहिल्यांदा काय करतो? पात्र मोकळ्या जागेत ठेवतो. खिडकी डावीकडे, टेबल उजवीकडे, मधे भिंत मोकळी, म्हणून आजोबा मधे. ते तिथे का, याला गोष्टीत काहीच कारण नसतं. कारण इतकंच की तिथे जागा होती. असे दहा पॅनेल झाले की बोर्डमधला जीव जातो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कंटाळा येतो.

मी शिकाऊ मुलांचे बोर्ड बघते तेव्हा हे लगेच ओळखू येतं. पात्रांची उंची फ्रेममध्ये सारखी, पाय एकाच रेषेवर, क्षितिजरेषा हललेलीच नाही. आजोबा रडतायत आणि आजोबा चष्मा पुसतायत, दोन्हीसाठी कॅमेरा तिथेच, तेवढ्याच अंतरावर.

म्हणून माझ्याकडे एक क्रम आहे. आधी सगळा सीन बोटाएवढ्या चौकोनांत, बॅकग्राउंडशिवाय. फक्त क्षितिजरेषा आणि पात्रांचे आकार. कॅमेरा कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे तिथे ठरतं. ते ठरल्यावर ज्या चौकोनांत कॅमेरा तोच आहे तिथे बॅकग्राउंड खुशाल पुन्हा वापरा. तुमचे सहकारी सांगतात तो धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय १४० वेळा खिडकी काढणं हा नाही.

रात्रपाळी

पाटीपेन्सिल ताई, 'कारण इतकंच की तिथे जागा होती' हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर लावतोय.

आता माझा अनुभव. जोडणीचं कौतुक सगळे करतायत, तिचा दुसरा चेहरा मी पाहिलाय. एका मालिकेच्या भागासाठी बोर्ड करत होतो. सॉफ्टवेअर असं होतं की एक लेयर अनेक पॅनेलांमध्ये सामायिक ठेवता येतो. खोलीचं सगळं बॅकग्राउंड सामायिक. ४१व्या पॅनेलमध्ये मुलगा खिडकी उघडतो. मी सरळ बंद खिडकीची झडप खोडली आणि उघडी काढली. सुंदर उघडी खिडकी, बाहेर पाऊस, पडदा उडतोय. पीडीएफ काढली आणि पाठवून दिली.

सकाळी फोन. 'मुलगा खिडकी उघडायला जातो, पण ती पहिल्या पॅनेलपासूनच उघडी आहे, पाऊस आत येतोय आणि कोणाला त्याचं काहीच नाही.' चाळीसच्या चाळीस पॅनेलांमध्ये पडदा उडत होता. मी फक्त चालू पॅनेल बघत होतो, मागे जाऊन पाहिलंच नाही.

तेव्हापासून माझा नियम: गोष्टीत जे हलणार, उघडणार, फुटणार, पेटणार किंवा कोणी उचलणार, ते बॅकग्राउंडमध्ये नाही. दार, खिडकीची झडप, दिवा, खुर्ची, रेषाळ यांचं घड्याळ, सगळे वेगळ्या लेयरवर. सामायिक फक्त भिंती, जमीन आणि जड कपाट. बोर्डला हात लावण्यापूर्वी पटकथा घेऊन बसतो आणि हलणाऱ्या वस्तूंखाली पेन्सिलने रेघ मारतो. वीस मिनिटं लागतात.

आणि सामायिक लेयर कुलूपबंद ठेवायचा. बदल करायचा असेल तर मुद्दाम कुलूप काढावं लागलं पाहिजे. तेवढ्या एका क्लिकमध्ये हात थांबतो.

ओली_शाई

रात्रपाळी, हे सेलच्या (पात्रं रंगवायच्या पारदर्शक फिल्मच्या) जमान्यापासून असंच आहे बरं का. बॅकग्राउंड रंगवलेलं आणि उघडणारं दार वेगळ्या सेलवर. म्हणून तर जुनी कार्टून बघताना कुठलं दार उघडणार ते आधीच कळायचं. त्याचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा सपाट दिसायचा.

भिंगरी

ओली_शाईंनी सेलचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर, पण धाग्याशी नातं आहे.

१९१४ साली विन्सर मॅके यांनी 'गर्टी द डायनॉसॉर' हा कार्टूनपट केला तेव्हा पारदर्शक सेल वापरात नव्हते. हजारो चित्रं कागदावर, आणि प्रत्येक कागदावर डोंगर, तळं, झाड पुन्हा नव्याने. हे काम जॉन फिट्झसिमन्स नावाचा तरुण सहायक करायचा. गर्टी मॅके काढायचे, मागचा देखावा तो गिरवायचा. माणसाचा हात कितीही स्थिर असला तरी केसभर फरक पडतोच, त्यामुळे पडद्यावर दगड आणि डोंगर सतत थरथरताना दिसतात.

त्याच सुमारास जॉन ब्रे यांनी बॅकग्राउंड कागदांवर छापून घ्यायची युक्ती केली. पात्र जिथे हलणार ती जागा मोकळी सोडायची आणि त्या छापील कागदावर पात्र काढायचं. आणि अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पद्धतीच्या पेटंटसाठी डिसेंबर १९१४ मध्ये अर्ज केला: पात्र पारदर्शक शीटवर, देखावा खाली एकदाच.

मला यात गंमत वाटते ती अशी: रेषाळ यांच्या ६३ प्रती म्हणजे ब्रे यांचे छापील कागद. प्रत्येकावर देखावा हुबेहूब, पण बदलायचा तर प्रत्येक कागद वेगळा. तिसरी_फ्रेम सांगतायत ती जोडणी म्हणजे हर्ड यांचा सेल. देखावा खाली एकच, तो सरकवला की वरच्या सगळ्यांसाठी सरकला.

रेषाळ

भिंगरी, हे वाचून अंगावर काटा आला. फिट्झसिमन्स यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

उलट_मोजणी

माझी एक युक्ती सांगतो. संवादाच्या सीनमध्ये आजोबांचा शॉट आणि समोरून नातीचा शॉट असे आलटून पालटून येतात ना? तिथे दुसऱ्या बाजूसाठी वेगळं बीजी (बॅकग्राउंड) काढायची गरज नाही. तेच आडवं पलटवायचं, फ्लिप हॉरिझॉन्टल. अर्धं काम वाचतं.

खडूफळा

उलट_मोजणी, माफ करा, पण हे अजिबात करू नका. मी लेआउटला (बोर्डवरून प्रत्येक शॉटची नेमकी मांडणी आखायच्या विभागात) काम करतो, असे बोर्ड माझ्याकडे येतात आणि त्यातून खरी खोली शोधून काढता काढता दिवस जातो.

समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे वळला की मागे समोरची भिंत दिसते. तीच भिंत आरशातून दिसत नाही. खिडकी आजोबांच्या मागे आहे ना? मग नातीच्या मागे तीच खिडकी कशी असेल? उजेड खिडकीतून येतो, त्यामुळे आजोबांच्या चेहऱ्यावर सावली आणि नातीच्या चेहऱ्यावर प्रकाश असायला हवा. पलटवलंत की दोघांच्याही पाठीमागून उजेड. आणि या बोर्डमध्ये तर घड्याळ आहे. पलटवल्यावर त्याचा ३ डावीकडे जाईल आणि ९ उजवीकडे.

उलट_मोजणी

घड्याळाचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मागच्या कामात जंगल होतं, झाडं पलटवली तरी कोणाच्या लक्षात येत नव्हतं, म्हणून सवय लागली. खोलीसाठी हे चालणार नाही, मान्य.

खडूफळा

जंगलात चालतं, खरं आहे. ढग, समुद्र, माळरान, गर्दी, इथे मीही पलटवतो. फक्त उजेडाची दिशा बघायची.

आता रेषाळ यांच्या मूळ प्रश्नाला लेआउटच्या बाजूने उत्तर देतो, कारण बोर्डमधल्या बॅकग्राउंडचं पुढे काय होतं हे बोर्ड करणाऱ्यांना अनेकदा कोणी सांगतच नाही.

तुमचा बोर्ड आला की आम्ही पहिलं काम करतो ते मोजणीचं. किती बॅकग्राउंड रंगवायची आहेत? ३१ शॉट म्हणजे ३१ बॅकग्राउंड असं नसतं. शॉट १२ आणि शॉट ४ मध्ये कॅमेरा तोच असेल तर १२ ला आम्ही 'सेम अ‍ॅज ४' लिहितो, चित्र एकच रंगवलं जातं. जपानी स्टोरीबोर्डमध्ये तर यासाठी ठरलेला शब्द आहे, 'दो-पोजी', म्हणजे 'तीच पोझिशन', आणि त्यापुढे आधीच्या कटचा (शॉटचा) क्रमांक. बोर्ड करणाराच तो लिहून ठेवतो.

तुम्ही प्रत्येक पॅनेलमध्ये खोली नव्याने काढलीत, तर खिडकी कधी दोन बोटं वर, कधी टेबल थोडं जवळ. तुमच्या मनात कॅमेरा तोच असतो, पण कागदावर तो हललेला दिसतो. आम्हाला कळत नाही की हे मुद्दाम आहे की हात हलला. विचारावं लागतं, नाहीतर अंदाजाने दोन वेगळी बॅकग्राउंड होतात, आणि रंगवणाऱ्याचे दोन-तीन दिवस एका चुकलेल्या रेषेवर जातात. तुम्ही जोडलेलं बॅकग्राउंड वापरलंत तर तुम्ही आम्हाला स्पष्ट सांगताय: कॅमेरा हललेला नाही. म्हणून मला हा आळस वाटत नाही. ती पुढच्या माणसासाठी लिहिलेली सूचना आहे.

तेव्हा माझा आग्रह: एक जोडणी खोलीची नको, एक जोडणी कॅमेऱ्याची. खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा, भिंती, दार, खिडकी, पलंग. त्यावर कॅमेऱ्याचे त्रिकोण मांडा आणि त्यांना क, ख, ग नावं द्या. प्रत्येक शॉटवर त्याचं अक्षर लिहा. ३१ शॉटना ३१ अक्षरं लागणार नाहीत, हे मी न बघता सांगतो.

धूसर

हे नकाशाचं मी कालच्या कालच करून बघितलं असतं तर! माझ्या बोर्डमध्ये पलंग दोन वेगवेगळ्या भिंतींना टेकलेला आहे.

पाटीपेन्सिल

खडूफळा, 'एक जोडणी कॅमेऱ्याची' हे मला मनापासून पटलं. माझ्या छोट्या चौकोनांनंतरची पायरी हीच.

एक भर घालते. क्लोज-अपमध्ये बॅकग्राउंड मुळात लागतंच असं नाही. आजोबांचा चेहरा फ्रेमभर आहे तिथे मागे एक करडा टोन पुरतो, फार तर खिडकीच्या चौकटीची एक कड. मूळ बीजी मोठं करून चेहऱ्यामागे घालू नका. एक तर ते फुटतं, आणि रेषा जाड होऊन पात्राच्या रेषेशी भांडते.

तिसरी_फ्रेम

ते फुटण्याचं कारण: ठिपक्यांचं चित्र दुप्पट मोठं केलं की प्रत्येक ठिपक्याचे चार होतात, नवा तपशील कुठून येणार? व्हेक्टर रेषेला (ठिपक्यांऐवजी गणिताने मांडलेल्या) ही अडचण नाही. कॅमेरा जिथे आत सरकणार आहे तिथे अंतिम फ्रेम १९२० × १०८० असेल तर ३८४०चं बॅकग्राउंड दुप्पट झूमपर्यंत स्वच्छ राहतं. आणि कॅमेरा बाजूला फिरणार असेल तर बॅकग्राउंड फ्रेमच्या बाहेरही काढून ठेवा. रेषाळ, तुमच्या अंतिम फ्रेमचा आकार काय आहे?

रेषाळ

१९२० × १०८०. म्हणजे सगळ्याच पॅनेलना ३८४० ची गरज नव्हती. हेही आजच कळलं.

कागदीबाण

नावांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. 'लेयर ४७ कॉपी ३' हे नाव ठेवू नका. माझी पद्धत: जागा_कॅमेरा_वेळ_थर. उदाहरणार्थ खोली_क_दिवस_मागे, खोली_क_दिवस_पुढे. 'पुढे' म्हणजे पात्राच्या समोर येणाऱ्या वस्तू, टेबलाची कड, पलंगाचा कठडा, म्हणजेच ओव्हरले. पात्र या दोन थरांच्या मधे बसतं. हे दोन थर वेगळे नसतील तर आजोबा टेबलामागे बसवताना त्यांचे पाय दर पॅनेलमध्ये खोडत बसावं लागतं.

रात्रपाळी

आणि मागच्या थराची रेषा फिकी. मी अपारदर्शकता ४० टक्क्यांवर ठेवतो. पात्राची रेषा काळी, खोलीची करडी, म्हणजे पीडीएफ लहान करून पाहिली तरी कोण काय करतंय ते कळतं.

भिंगरी

मूळ प्रश्नावर माझं मत राहिलं होतं. बॅकग्राउंड पुन्हा वापरल्याने नजर मरते असं म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. फ्रेम तीच ठेवली तरच तीत झालेला बदल दिसतो.

रेषाळ, तुमच्या गोष्टीत बंद घड्याळ आहे. शेवटी त्याचं काय होतं मला माहीत नाही. पण समजा ते भिंतीवरून उतरवलं जातं. पहिल्या शॉटचं बॅकग्राउंड, तोच कॅमेरा, तीच खिडकी, आणि भिंतीवर फक्त एक उजळ गोल डाग. हे बघणाऱ्याच्या पोटात तेव्हाच तुटेल, जेव्हा बाकीची खोली रेषेरेषेने तीच असेल. खिडकी बोटभर जरी सरकली असेल तर नजर तिकडे जाईल.

पाटीपेन्सिल

भिंगरी, हे फार सुंदर सांगितलंत. माझं अर्धं मत इथे पाव झालं.

रेषाळ

आठ दिवसांनी परत येतेय. उशीर झाला कारण सगळा बोर्ड पुन्हा जुळवत होते.

खडूफळांनी सांगितला तसा नकाशा काढला. ३१ शॉटमध्ये कॅमेरे निघाले ९. त्यातले दोन इतके जवळजवळ होते की वेगळे ठेवायला कारणच सापडेना, ते एक केले. आता ८. म्हणजे ८ बॅकग्राउंड फाइली, प्रत्येकीत मागे आणि पुढे असे दोन थर, सगळ्या शॉटमध्ये लिंक करून. घड्याळ, दार आणि दिवा स्वतंत्र. काल दिग्दर्शकाने घड्याळ थोडं वर घ्यायला सांगितलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली, त्यातला बराचसा वेळ एकेक शॉट उघडून अपडेट करण्यात आणि पुन्हा बघण्यात गेला. रात्रपाळी, तुमच्या खिडकीची आठवण ठेवून पहिल्या पॅनेलपासून शेवटच्यापर्यंत सगळे पाहिले.

पाटीपेन्सिल ताईंच्या सांगण्यावरून छोटे चौकोनही पुन्हा काढले. त्यात सापडलं की १७ ते २० या चारही शॉटमध्ये आजोबा फ्रेमच्या मधोमध होते, अगदी तुम्ही म्हणालात तसे, जागा होती म्हणून. १९ मध्ये आता ते कडेला आहेत, अर्धे फ्रेमच्या बाहेर, आणि मधे मोकळी भिंत आहे. सहकाऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, हा शॉट आता बोलतो.

आणि भिंगरी, घड्याळ खरंच उतरवलं जातं. उजळ गोल डाग पटकथेत नव्हता. आता आहे.

एकच अडचण उरलीय. ८८व्या पॅनेलला दिवा जातो आणि पुढचे ११ पॅनेल अंधारात आहेत. त्यासाठी रात्रीची वेगळी बॅकग्राउंड काढू की तीच काळी करू?

खडूफळा

८ कॅमेरे! मस्त. तुमचा बोर्ड ज्याच्या हातात जाईल तो तुम्हाला दुवा देईल.

वेगळी काढू नका. लिंक केलेलं बॅकग्राउंड तसंच ठेवा आणि त्यावर एक गडद निळसर करडा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचं चित्र गडद करणाऱ्या) टाका. तो लेयर फक्त त्या ११ पॅनेलांत. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा आकार त्या गडद लेयरमधून मास्कने (लेयरचा भाग झाकायच्या साधनाने) कापा. खोली तीच राहते, उद्या खिडकी हलली तर फक्त उजेडाचा कापलेला आकार सरकवायचा.

रात्रपाळी

आणि गडद लेयर पात्रांच्या वर ठेवा, खाली नको. नाहीतर खोली अंधारात आणि आजोबा मात्र भर दुपारच्या उजेडात उभे दिसतील.

रेषाळ

समजलं. पात्रांच्या वर, मल्टिप्लाय, खिडकीचा आकार मास्कने. आत्ताच ८८ उघडतेय.